अंड्याची टरफलं राहू द्या, आधी बादली बघा

«नमस्कार. आम्ही धायरीत राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गच्चीवर भाजी लावायला लागले. यंदा डिसेंबरात रंगाच्या १० लिटरच्या बादल्यांना खाली भोकं पाडून आठ टोमॅटो लावले. निम्मी लाल माती, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर मूठभर गांडूळखत. झाडं अशी माजलीत की कठड्याच्या वर गेली. पण फळ लिंबाएवढं झालं की बुडाशी, म्हणजे देठाच्या बरोबर उलट बाजूला, आधी पाणी भरल्यासारखा फिकट डाग येतो आणि आठवड्याभरात तिथे काळी, चपटी, चामड्यासारखी चकती होते. पहिल्या घोसातलं एकही फळ धड मिळालं नाही. मोबाइलवर बघितलं तर कॅल्शियम कमी पडतंय असं कळलं. मग अंड्याची टरफलं घातली, चुन्याची निवळी घातली, एप्सम सॉल्ट घातलं, केळीच्या सालींचं पाणी घातलं. नर्सरीवाल्याने वाढीसाठी दर आठवड्याला चिमूटभर युरिया सांगितला होता, तोही चालू आहे. ह्यांचं म्हणणं हा बुरशीचा रोग आहे, म्हणून त्यांनी निळं औषध फवारलं. काही फरक नाही. गंमत म्हणजे त्याच रांगेत चेरी टोमॅटोचं एक झाड आहे, त्याला एकही डाग नाही! ही फळं खाल्ली तर चालतात का? ह्यांनी तर सगळी झाडं उपटायचं ठरवलंय. सासूबाई भोरला एकट्या असतात, त्यामुळे शनिवारी सकाळी आम्ही तिकडे जातो ते सोमवारी सकाळी परत येतो. आल्या आल्या आधी गच्चीवर जाऊन सगळ्यांना भरभरून पाणी घालते, म्हणजे हयगय नाही हो.»
– एक निवृत्त शिक्षिका, धायरी

बाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही विचारलंय कॅल्शियमबद्दल आणि उत्तर लिहून पाठवलंय सासूबाईंच्या ओळीत. शनिवारी सकाळी कुलूप, सोमवारी सकाळी भरभरून पाणी. तुमच्या टोमॅटोचं दुखणं तिथे आहे. हयगय नाही हे मान्य. पण झाडाला तुमची माया पाच दिवस कळते आणि दोन दिवस कळत नाही.

आधी तुमच्या ह्यांची समजूत घालू, कारण उपटायची भाषा त्यांची आहे. या दुखण्याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात आणि त्यातल्या 'रॉट'ने भल्याभल्यांचा घोटाळा केलाय. नावात सड असली तरी बुरशी, जंतू, कीड यांतलं कुणीही हे सुरू करत नाही. काळ्या चकतीवर पुढे बुरशी दिसते ती मेलेल्या जागेवर मागाहून जमलेली असते. म्हणजे निळं औषध, बहुतेक तांब्याचं असणार, फुकट गेलं. हा संसर्ग नाही, एका झाडाचं दुसऱ्याला लागत नाही.

त्यांना पटत नसेल तर एक काळं फळ आणा, देठ वर धरा आणि उभं मधोमध चिरा. बुडाचा भाग आतपर्यंत तपकिरी, कोरडा, जवळजवळ बुचासारखा लागेल. त्याच्या वर मात्र फळ हिरवं, टणक, ताजं. वास नाही, अळी नाही, तिची विष्ठा नाही. फळाला कुठे भोक असतं तर मी अळी म्हटलं असतं. उन्हाच्या बाजूच्या खांद्यावर पांढुरका चट्टा असता तर ऊन म्हटलं असतं. बरोबर बुडाशीच आणि घोसातल्या प्रत्येक फळाला असेल, तर दुसरं काही शोधायला नको. कधी कधी फळ बाहेरून गुटगुटीत दिसतं आणि चिरल्यावर आत बियांपाशी काळं निघतं, तेही हेच.

आता कॅल्शियम. मोबाइलने तुम्हाला खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. फळाच्या बुडाला कॅल्शियम मिळत नाही हे खरं. पेशींच्या भिंती त्याच्या जोरावर उभ्या असतात. फळ झपाट्याने फुगत असताना भिंत कच्ची राहिली की पेशी फुटतात आणि आतलं पाणी झिरपतं. तुम्ही लिहिलेला 'पाणी भरल्यासारखा डाग' तो हाच. पण फळाला मिळत नाही म्हणजे मातीत नाही, असं होत नाही.

पंगत डोळ्यासमोर आणा. पाणी हा वाढपी आणि कॅल्शियम त्याच्या हातातलं पातेलं. मुळांनी घेतलेलं पाणी पानांतून वाफ होऊन उडतं, त्या ओढीने खालून नवं पाणी चढतं, आणि त्यात विरघळलेलं कॅल्शियम त्याच्याबरोबर येतं. त्याला दुसरा रस्ता नाही. पानांना असंख्य बारीक छिद्रं, त्यांची ओढ दांडगी, म्हणून वाढपी आधी तिकडे धावतो. टोमॅटोच्या फळाची साल मेणचट, तिला छिद्रं नाहीत, ते बसलंय पंगतीच्या टोकाला. आणि फळातसुद्धा देठापासून सगळ्यात लांबची जागा कुठली? बूड. पातेलं अर्ध्यात आटलं की उपाशी राहतं ते टोकाचं ताट. बरं, पहिल्या रांगेत भरपूर वाढून झालंय, तिकडून थोडं उचलून इकडे द्यावं, तर तेही नाही. एकदा पानात वाढलेलं कुणी काढून घेतं का? नत्र झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतं. कॅल्शियम मात्र पानात गेलं ते गेलं. म्हणूनच पानांवर कॅल्शियम फवारूनही फळाला फारसं काही पोचत नाही. बाटली विकणाऱ्याला पोचतं.

आता तुमच्या बादलीचा हिशेब करू. १० लिटरच्या बादलीत मिश्रण मावतं आठ-नऊ लिटर, आणि त्यात झाडाला खरोखर पिता येईल असं पाणी राहतं जेमतेम अडीच-तीन लिटर. कठड्याच्या वर गेलेलं, फळांनी लदलेलं झाड मार्चच्या पुण्यात, उघड्या गच्चीवर, वारं असताना दिवसाला दोन लिटर सहज पितं. शनिवारी सातला पाणी घालून निघालात तर रविवारी दुपारी बादली कोरडी. रविवारची दुपार, रविवारची रात्र, सोमवारची सकाळ पंगत बंद. यातली रात्र जास्त महागात पडते. रात्री पानांची ओढ थांबते, मुळं पाणी वर ढकलत असतात आणि त्या वेळी टोकाच्या ताटालाही चार घास मिळतात. तेव्हाच बादली कोरडी असली तर काय वाढणार?

सोमवारच्या भरभरून पाण्याचं गणितही फसवं आहे. कोकोपीट आणि लाल माती पूर्ण सुकली की आकसते आणि बादलीच्या कडेपासून केसभर सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. भोकातून धार लागली की आपण म्हणतो, चला, भिजली. मधला गोळा कोरडा ठणठणीत. एकदा पाणी घालून दहा मिनिटांनी बांबूची काडी अर्ध्या बादलीपर्यंत खुपसून बाहेर काढून बघा. ओली माती चिकटून आली तर खरं. कोरडी आली तर तुम्ही बादलीला नाही, गच्चीला पाणी घातलंत.

टरफलांबद्दल मी बोलणार नव्हतो, पण बोलतो, कारण तो माझाही गुन्हा आहे. माझ्या पहिल्या वर्षी याच डागांसाठी मी दोन महिने टरफलं गोळा करून कुंड्यांत खोचली. आमच्या सोसायटीत गच्चीवर अंड्याची टरफलं दिसणं हा वेगळाच विषय होता, तो सोडा. पुढच्या दिवाळीला कुंड्या उलट्या केल्या तर तुकडे जसेच्या तसे, कडा बोटाला टोचतील अशा. टरफल म्हणजे चुनखडीच, विरघळायला वेळ घेते, आणि माती आम्ल नसेल तर फारच वेळ घेते. तुमच्या मार्चमधल्या फळाला त्याचा काय उपयोग? मग टरफलांचा एवढा बोलबाला का? कारण हे दुखणं पहिल्या घोसाला सगळ्यात जास्त होतं आणि मुळं पसरली की पुढच्या घोसांत पुष्कळदा आपोआप कमी होतं. त्या वेळी ज्याने जे घातलं असेल, त्याला श्रेय.

चुन्याची निवळी बंद करा. पूर्वी लहान मुलांना द्यायचे म्हणून ती आपल्याला सौम्य वाटते; मुळांसाठी ती फार अल्कधर्मी आहे. वारंवार घातली तर लोह मिळेनासं होऊन नवी पानं पिवळी पडतील आणि तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. आणि कॅल्शियम ही आपल्या भागातली उणीवच नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झालेल्या मातीत ते असतंच. काळी माती खोल उकरलेली दिसली तर त्यात पांढरे खडे मिळतात का बघा. त्यावर लिंबू पिळलं की फसफसतात, तीच चुनखडी.

एप्सम सॉल्ट, केळीच्या सालींचं पाणी आणि युरिया, हे तिन्ही आजपासून बंद. एप्समने तुम्ही मॅग्नेशियम घातलंत, सालींनी पोटॅशियम. दोन्ही मुळाच्या दारात कॅल्शियमशी धक्काबुक्की करतात. युरियाचं मातीत आधी अमोनियम होतं, तेही त्याच रांगेत घुसतं, शिवाय पानं वाढवतं. तुम्ही कौतुकाने लिहिलंत की झाडं माजलीत. पहिली रांग तुम्हीच लांब केलीत. नर्सरीवाल्याचं चुकलं असं म्हणत नाही, त्याचा सल्ला रोपासाठी होता. फळावर आलेल्या झाडाला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत पुरे.

तुमच्या मिश्रणात एकाच गोष्टीवर माझा खरा संशय आहे, कोकोपीटवर. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियम धरून ठेवलेलं असतं आणि कॅल्शियम आलं की ते त्याला आधी स्वतःकडे ओढून घेतं. त्यासाठी, आणि तुमच्या मनाच्या समाधानासाठी, प्रत्येक बादलीत चहाचा एक चमचा जिप्सम, म्हणजे कॅल्शियम असलेली खनिज भुकटी, वरच्या मातीत हलक्या हाताने मिसळा. एकदाच. त्याने माती चुन्यासारखी अल्कधर्मी होत नाही. खुरपं मात्र खोल घालू नका, तुटलेलं मूळ म्हणजे कमी झालेला वाढपी.

काळी झालेली फळं आज काढून टाका, ती सुधारत नाहीत आणि झाडाचं पाणी खातात. मग धायरी फाट्याच्या कुठल्याही रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं मागून आणा. मार्चमध्ये तो ढीगभर देईल. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्यांची वरात येईल. वाळल्यावर हाताने मोडून बादलीत दोन इंच थर द्या, खोडाला चिकटू न देता. नारळाच्या शेंड्या किंवा सुकी पानंही चालतील, पण चिपाडं फुकट आणि दारात आहेत. गच्चीचा स्लॅब दुपारी तव्यासारखा तापतो, म्हणून बादल्या विटांवर ठेवा आणि पश्चिमेच्या बाजूला गोणपाट गुंडाळा. बारा ते चार हिरवी जाळी बांधता आली तर पानांची ओढ कमी होईल आणि फळाच्या वाट्याला जास्त येईल.

पाणी सकाळी आठच्या आत. प्रत्येक बादलीला लिटरभर, दहा मिनिटं थांबून पुन्हा लिटरभर. पहिलं पाणी माती फुगवून फट बुजवतं, दुसरं खरं आत जातं. संध्याकाळी काडी खुपसायची, कोरडी आली तर आणखी लिटरभर. गुरुवारी नळाला पाणी नसेल तर बुधवारी रात्री दोन कॅन भरून ठेवा. भांडी विसळलेलं, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी एकवेळ चालेल. मीठ घातलेलं उकडीचं पाणी अजिबात नको, खारट मातीत मुळांना पाणी ओढता येत नाही.

राहिला शनिवार-रविवार. भोरला जाणं थांबवा असं मी म्हणणार नाही, सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही. बॅटरीवर चालणारा टायमर आणि ठिबकच्या नळ्या गच्चीसाठी मिळतात. चांगली सोय आहे, पण आठवडाभर घरी असताना चालवून बघितल्याशिवाय तिच्या भरवशावर निघू नका. गाळ अडकून एक नळी बंद पडली की त्या झाडाला दोन दिवस कुणी विचारत नाही. उलट्या बाटल्यांचा प्रकार मला कधी जमला नाही. एक तासात रिकामी होते, दुसरी सोमवारपर्यंत भरलेली. संक्रांतीची सुगडं मातीत पुरून त्यांत पाणी भरणारेही मी बघितलेत. कल्पना जुनी आणि उत्तम, मडकं पुरून पाणी झिरपवणं आपल्याकडे पूर्वापार आहे. पण सुगडात मावतं ते पेलाभर आणि तुमच्या बादलीत त्याहून मोठं मडकं शिरणार नाही.

मला विचाराल तर पसरट टब. शनिवारी सकाळी नेहमीसारखं पाणी घालून झालं की प्रत्येक बादली सपाट बुडाच्या टबात ठेवायची आणि टबात तीन-चार इंच पाणी भरायचं. बादलीच्या भोकांतून माती ते लागेल तसं वर ओढते. दोन दिवस पाय ओले राहिल्याने टोमॅटोला काही होत नाही. आठवडाभर तसंच ठेवलं तर मुळं गुदमरतील, तेव्हा सोमवारी बादली बाहेर आणि उरलेलं पाणी ओतून टाकायचं. डासांना घर नको.

एवढं करूनही पुढचे दोन-तीन आठवडे काही फळं काळी पडतील. त्यांचं भवितव्य ती सुपारीएवढी असतानाच ठरलेलं आहे, डाग नंतर दिसतो. तुम्ही नजर ठेवायची ती आज-उद्या धरणाऱ्या फळांवर. एका नव्या घोसाला लोकरीचा धागा बांधा आणि त्याच्यावर निकाल लावा. उपटायची घाई नको, पण एप्रिल-मे तापला की फुलं गळतील, तेव्हा या झाडांकडून पावसाळ्यापर्यंतची अपेक्षाही नको. पुढच्या खेपेला रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावा म्हणजे फळं थंडीत फुगतील, आणि २० लिटरहून लहान काही वापरू नका. लांबट, जाड सालीच्या टोमॅटोला हा त्रास जास्त होतो, गोल गावठीला कमी, चेरीला जवळजवळ नाहीच. तुमचं चेरीचं झाड त्याच मातीत, त्याच पाण्यावर ठणठणीत आहे ते त्यामुळे.

खायचं म्हणाल तर काळा भाग थोडा सढळ हाताने कापून टाका, उरलेलं खुशाल खा. वर केसाळ बुरशी आली असेल किंवा वास येत असेल तर नको. निळं औषध मारलंय ना, त्या पाकिटावर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं थांबा आणि नीट चोळून धुवा. आज काढाल त्या फळांवर औषधाचे दिवस भरलेले असले तर त्यांची चटणी करा: हिरव्या फोडी, दोन मिरच्या, लसूण थोड्या तेलावर परतून, भाजलेले तीळ आणि दाण्याचं कूट घालून वाटायची. आमच्याकडे या चटणीसाठी चांगले टोमॅटोही हिरवे तोडले जातात.

तुमच्या ह्यांच्या हाताला काम हवंच असेल तर त्यांना रविवार पेठेत बोहरी आळीला पाठवा, टब तिथे मिळतील. नऊ आणायला सांगा. चेरीलाही तहान लागतेच.